फेटा नसलेला बाबा : नाशिकरोड ते संबलपूर आणि परत

सगळ्यात आधी एक कबुली. जानेवारीत आम्ही जगन्नाथपुरीला गेलो नव्हतो. आमच्या सोसायटीतल्या शेवाळे काकू हे वाचत असतील तर त्यांनी आधी घोटभर पाणी प्यावं. ओडिशात गेलो होतो हे खरं, देवळात गेलो होतो हेही खरं. बाकी सगळं माझ्या सासूबाईंनी रचलेलं होतं आणि मी त्यात आनंदाने सामील होते.

खरी गोष्ट अशी. माझ्या आणि निलेशच्या लग्नाला अकरा वर्षं झाली. चार वर्षांपूर्वी आम्ही मूल दत्तक घेण्यासाठी सरकारी पोर्टलवर नाव नोंदवलं आणि उत्साहाच्या भरात गावभर सांगून बसलो. त्यानंतर जिन्यात, भाजीच्या गाडीवर, लग्नाच्या पंगतीत एकच प्रश्न: "काय गं, आला का नंबर?" गॅस सिलिंडरचीही इतकी चौकशी कोणी करत नाही. म्हणून डिसेंबरात खरोखर नंबर आला, तेव्हा आम्ही तिघांनी ठरवलं की या वेळी कोणालाही काही बोलायचं नाही.

मी शाळेत चित्रकला शिकवते. सातवी ब कडून फुलदाणी काढून घेत होते तेव्हा मोबाईल थरथरला. मुलगी, वय साडेतीन, संबलपूर, ओडिशा. होकार कळवायला अठ्ठेचाळीस तास होते. आम्हाला चार मिनिटं लागली, त्यातली तीन ओटीपी यायला.

निलेशने ते आईंना सांगितलं. आई म्हणजे माझ्या सासूबाई, येवल्याच्या. त्या म्हणाल्या, "सोसायटीत सांगा, जगन्नाथपुरीला चाललो. देवाला जाणाऱ्या माणसाला कुणी फाटे फोडत नाय." तसंच झालं. शेवाळे काकूंनी प्रसादाची ऑर्डर नोंदवली आणि समुद्राचा फोटो मागितला, बस्स.

आता अल्बमविषयी. तुमच्यापैकी ज्यांचा नंबर यायचाय त्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचा.

संस्थेतल्या समाजसेविका मिनती मॅडम यांचा फोन आला. भेटीला तीन आठवडे होते. तोवर घरच्यांच्या फोटोंचा छोटा अल्बम पाठवा, आम्ही तो मुलीला रोज दाखवू, म्हणजे तुम्ही आलात की ती तुम्हाला ओळखेल, असं त्यांनी सांगितलं. मागोमाग मेल आला. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: घरातले, रोजच्या कपड्यांतले साधे फोटो. निलेश अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीमध्ये आहे. चूक शोधायचा त्याला पगार मिळतो. त्याने तो मेल तीनदा वाचला आणि महत्त्वाच्या ओळी पिवळ्या केल्या.

मग आई मध्ये पडल्या. "गाऊनवर फोटो पाठवती का मंजू? आणि ह्यो बनियनवर? अगं, ती लोकं म्हणतील, कुठल्या घरात पोरगी देतोय आपण!"

आईंच्या लेखी हे पहिल्या दिवसापासून स्थळ होतं. मुलीकडची माणसं संबलपूरची, आपण मुलाकडचे, आणि छाप पडलीच पाहिजे. त्यांनी माझ्या धाकट्या दिराच्या लग्नाचा अल्बम काढला आणि बारा फोटो निवडले. बाराही फोटोंत निलेश भगव्या फेट्यात, मी पैठणीत आणि हनुवटीपर्यंत आलेल्या नथीत, आई जांभळ्या पैठणीत. निलेशला पस्तिशीतच टक्कल पडलंय आणि घरात तो विषय निघाला की तो खिडकीबाहेर बघतो. त्या फोटोंत त्याचं टक्कल कुठेही दिसत नव्हतं, म्हणून तोही खूष. मी चित्रकलेची बाई, त्यामुळे कडेने वेलबुट्टी काढली, आमच्याकडे बाण दाखवून आई, बाबा, आजी अशी नावं लिहिली. निलेशने पाकीट चारी बाजूंनी तपासून ओके केलं. तीन धडधाकट माणसं होतो आम्ही. एकाच्याही डोक्यात आलं नाही की साडेतीन वर्षांची मुलगी हे फोटो खरे धरून बसणार आहे.

प्रवासाचं म्हणाल तर सोपं आहे. नाशिकरोडहून हावड्याकडे जाणारी गाडी धरायची आणि झारसुगुड्याला उतरायचं. वीस-बावीस तास लागतात, थर्ड एसीला माणशी दोन हजारांच्या आसपास. जानेवारीत गाडीतही पांघरूण लागतं, ते स्वतःचं न्या. आम्ही दशम्या, ठेचा, चिवडा आणि संस्थेतल्या मुलांसाठी द्राक्षांची एक पेटी घेतली होती. ती पेटी आईंनी भुसावळपासून मांडीवर धरली, कारण वरच्या बर्थवरचे काका तिच्यावर पाय ठेवतील असा त्यांना संशय होता. सासरे, म्हणजे अण्णा, येवल्याला थांबले. उन्हाळ कांद्याची लागण चालू होती आणि मजूर हातचे जाऊ द्यायचे नव्हते. "कांदे लावून झाले की नातीला बघायला येतो," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला होता.

गाडीत मी आईंची बॅग बघितली. आत जांभळी पैठणी, दोन चापाच्या नथी, खण, नारळ आणि हळदीकुंकवाचा करंडा.

"आई, आपण दत्तक घ्यायला चाललोय, मुलगी मागायला नाही."

"पोरीच्या दारात पहिल्यांदा जायचं ते काय रिकाम्या नाकानं?" आई म्हणाल्या. मी आणि निलेश खूप हसलो. ते हसू दोनच दिवसांत आमच्या अंगाशी आलं.

झारसुगुडा ते संबलपूर पन्नासेक किलोमीटरचा चौपदरी रस्ता आहे. टॅक्सीवाल्याने अठराशे सांगितले. आईंना हिंदी येत नाही, तरी त्यांनी पंधराशेत उतरवलं. कसं ते मलाही कळलं नाही, बराच वेळ त्या फक्त मान हलवत उभ्या होत्या. लॉज बाजाराजवळ घेतलं, खोली साधी आणि स्वच्छ, गरम पाणी सकाळी आठपर्यंतच. खाली गाडीवर 'चाऊल बरा' नावाचा पदार्थ मिळतो, तांदळाचे गरमागरम तळलेले वडे आणि सोबत झणझणीत चटणी. तिघांत तीन प्लेट संपवल्या. आईंनी मत दिलं, "आपल्या भज्याच्या जवळ येतं. जवळच, पुढं नाय."

दुसऱ्या दिवशी दहाला संस्थेत पोचलो. संस्थेचं नाव मी लिहिणार नाही आणि मुलीचा फोटोही टाकणार नाही, मागू नका. तिथे सगळे तिला कुनी म्हणायचे, म्हणून आम्हीही तेच म्हणतो. ओडियात लाडाच्या लहान मुलीला म्हणतात. निलेशने जीन्स आणि स्वेटर घातला होता, मी साधा कुर्ता, आणि आईंनी, आम्ही हट्ट धरला म्हणून, सुती पातळ. पहिल्याच भेटीत मुलगी बुजायला नको, असं आमचं शहाणं मत.

कुनी आली ती पद्मा माउसींचं बोट धरून. पद्मा माउसी तिथल्या आया, कुनीला अगदी तान्ही असल्यापासून त्यांनीच वाढवलेलं. कुनीच्या बगलेत आमचा अल्बम होता, कोपरे पार मऊ झालेले. मला वाटलं होतं की मी रडेन, पण मी नुसती बघत राहिले. कानामागे खोचलेले केस, एका मोज्याचं इलॅस्टिक गेलेलं, आणि आमच्याकडे बघण्याची एक गंभीर तऱ्हा.

तिने अल्बम जमिनीवर ठेवला आणि उघडला. फोटोवर बोट ठेवलं, मग निलेशकडे बघितलं. पान उलटलं, पुन्हा निलेशकडे बघितलं. त्याच्या डोक्याकडे जरा जास्तच वेळ.

"नाइँ," ती म्हणाली.

मग माझी पाळी. माझं नाक नीट बघितलं. "नाइँ." आईंना तर एका नजरेत नापास केलं. अल्बम मिटला, बगलेत मारला आणि पद्मा माउसींच्या साडीमागे जाऊन उभी राहिली. माउसी तिला समजावत होत्या, त्यात बापा हा शब्द मला दोन-तीनदा ऐकू आला. कुनीने डोक्यावर हात गोल फिरवून दाखवला. पगडीवाला बापा कुठाय?

मिनती मॅडम ओशाळून हसल्या. "असल में वो रोज़ सबको बताती थी, मेरे पापा पगड़ी वाले हैं। बाकी बच्चों को भी पता है।"

"तो अब?" निलेशने विचारलं.

"परसों सुबह कमेटी है। बच्ची के साथ हम ज़बरदस्ती नहीं करते। वो आपके पास नहीं आई, तो कमेटी तारीख़ आगे कर देगी। फिर देखेंगे।"

फिर देखेंगे हे शब्द मी चार वर्षं ऐकत होते. बाहेर आल्यावर मला संस्थेच्या पायरीवरच रडू फुटलं. तारीख पुढे जाण्याचं मला काही वाटत नव्हतं. त्या मुलीने माझ्याकडे नीट बघून, विचार करून नाही म्हटलं होतं, ते लागलं होतं. निलेशने स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला आणि लगेच खाली घेतला.

दुपारी कुठेतरी वेळ काढायचा म्हणून हिराकूडला गेलो. शहरापासून अर्ध्या तासावर, रिक्षाने जाऊन येऊन सहाशे. धरण बघण्यासारखं आहे, वर मनोऱ्यावर चढलात की पलीकडचा काठ दिसत नाही. आमचं गंगापूर धरण आईंना तिथे उगाच आठवलं. नेमका तेव्हाच शेवाळे काकूंचा मेसेज आला: "समुद्राचा फोटो?" आईंनी डोळे पुसले, जलाशयाचा फोटो काढला आणि पाठवला.

उत्तर आलं: "लाटा कुठे आहेत?"

आईंनी माझ्याकडून टाईप करून घेतलं: "ओहोटी."

त्यावर मी आणि निलेश जे हसलो, ते पोट दुखेपर्यंत. सकाळपासूनचं सगळं त्या हसण्यात निघून गेलं. हसणं थांबल्यावर आई म्हणाल्या, "पोरीचं काय चुकलं? तिला दाखवला एक नवरदेव आणि दारात उभा केला भलताच. निल्या, फेटा बांध."

आता संबलपुरात फेटा कुठे मिळणार? आणि मिळाला तरी बांधणार कोण? आमच्याकडे लग्नात फेटेवाला येतो, माणसं रांगेत उभी राहतात आणि तो फटाफट बांधत जातो. आम्ही आयुष्यभर फक्त डोकं पुढे केलेलं. तरी बाजारात गेलो. हातमागाच्या एका दुकानात आईंनी साड्या काढायला लावल्या. आईंच्या माहेरी पैठणीचा माग होता, त्यामुळे त्या साडी आधी उलटी करून बघतात. दुकानदार म्हातारा होता. त्याने ते पाहिलं आणि समोरचा गठ्ठा बाजूला सारून आतला काढला.

"ह्याला पण सूत आधीच रंगवून घेतात का रे? विणायच्या आधी?" आईंनी मराठीत विचारलं.

"हाँ माँजी, पहले बाँध के रंगते हैं," तो हिंदीत म्हणाला. दोघांचं पंधरा मिनिटं उत्तम चाललं होतं. शेवटी केशरी रंगाची, काळ्या-पांढऱ्या नक्षीची सुती साडी घेतली. निलेशच्या डोक्याला लावून रंग बघितला तेव्हा म्हाताऱ्याने जे तोंड केलं, ते मी कागदावर काढून ठेवलंय.

लॉजवर मोबाईलवर व्हिडिओ लावून फेट्याची तालीम झाली. पहिला फेटा कानावर आला, दुसरा मागून सुटला. तिसरा बसला, पण निलेशला मान वळवता येईना. "वळवायची कशाला?" आई म्हणाल्या. "पोरगी समोरच राहणार."

सकाळी आम्ही निघालो तेव्हा लॉजच्या मॅनेजरने उभं राहून नमस्कार केला. निलेश फेट्यात, आई जांभळ्या पैठणीत, मी आईंच्या दुसऱ्या साडीत आणि नाकात चापाची नथ. रिक्षावाल्याने आरशातून बघत विचारलं, "शादी में जा रहे हैं?"

"हाँ," निलेश ताठ मानेने म्हणाला. दुसरा उपाय नव्हता.

"किसकी?"

"मेरी ही समझो."

संस्थेच्या फाटकातच मुलांनी कल्ला केला. कुनी आतून आली, अल्बम घेऊनच. थांबली. अल्बम उघडलाच नाही. हळूहळू जवळ आली आणि निलेशच्या गुडघ्याला एक बोट लावून बघितलं, माणूस खरा आहे ना म्हणून. निलेश खाली बसला. तिने फेट्यावर हात ठेवला आणि सगळ्या पोरांकडे वळून मोठ्याने सांगितलं, "बापा!"

माझा बांध फुटला. नथीतून रडणं सोपं नसतं, कोणी प्रयत्न करू नका.

पण खरी परीक्षा पुढे होती, कारण निलेश जन्मभर फेट्यात राहू शकत नव्हता. अर्ध्या तासाने त्याने फेट्याचा शेव, म्हणजे मोकळं टोक, सोडवला आणि कुनीच्या हातात दिला. तिला वाटलं, खेळ आहे. ती शेव ओढत अंगणभर पळायला लागली आणि निलेश मधे उभा राहून गोल गोल फिरत राहिला. साडी संपता संपेना. मुलं टाळ्या पिटत होती, पद्मा माउसी तोंडाला पदर लावून हसत होत्या. शेवटचा वेढा निघाला आणि खाली ते प्रसिद्ध टक्कल. कुनी परत आली, त्याला खाली बसायची खूण केली आणि त्याच्या डोक्यावर तळहाताने एक चापट मारली. आवाज तिला आवडला असावा. तिने आणखी दोन मारल्या आणि खुदकन हसली. निलेश म्हणतो, त्याला टकलाचा उपयोग त्या दिवशी कळला.

दुसऱ्या दिवशी समितीपुढे एका अधिकारी बाईंनी निलेशकडे बोट दाखवून विचारलं, हे कोण. कुनी त्याच्या मांडीवर होती. तिने उत्तर न देता त्याच्या डोक्यावर चापट मारली. बाईंनी चष्मा काढून पुसला आणि सही केली. आता आधी सांभाळायला मुलगी ताब्यात मिळते आणि कोर्टाच्या ऐवजी जिल्ह्याच्या कचेरीतून अंतिम आदेश नंतर येतो. कागद मूळ आणि तीन-तीन प्रती न्या, तिथे झेरॉक्सच्या दुकानात लाईट गेलेली असते.

निघण्याच्या वेळी आईंनी खण-नारळ काढला. मला वाटलं देवीसाठी असेल, तिथल्या ग्रामदेवतेच्या, समलेश्वरीच्या, देवळात जायचं होतंच. पण त्या पद्मा माउसींसमोर गेल्या, त्यांना पाटाऐवजी खुर्चीवर बसवलं आणि त्यांची ओटी भरली. पद्मा माउसी गोंधळल्या. मिनती मॅडमनी मला विचारून त्यांना समजावलं की आमच्याकडे घरातल्या बाईचा असा मान करतात.

"लेकिन मैं तो यहाँ काम करती हूँ," माउसी म्हणाल्या.

"साडेतीन वर्सं पोर कुणी वाढवली?" आई मराठीतच म्हणाल्या. "हे पोरीचं माहेर हाय. सणावाराला फोन करीन, उचलायचा." मी भाषांतर केलं नाही, तरी पद्मा माउसींना कळलं. दोघी एकमेकींचे हात धरून रडल्या.

कुनी मात्र रडली नाही. तिने सगळ्यांना टाटा केला, स्वतःची पिशवी उचलली आणि चपला घालून तयार उभी राहिली. मला तेव्हा कौतुक वाटलं होतं.

गाडीत आम्ही सांगितलं तिथे तिने बसून घेतलं, दिलं ते खाल्लं, झोप म्हटल्यावर डोळे मिटले. पांघरुणाची घडीसुद्धा घातली. समोरच्या बाई म्हणाल्या, "किती गुणी मुलगी आहे!" आम्ही छाती फुगवली. नाशिकरोडला उतरलो, घरी आलो, तिने दारातच विचारल्यासारखं माझ्याकडे बघितलं, आत येऊ का म्हणून.

शेवाळे काकू प्रसाद न्यायला आल्या तेव्हा आईंनी त्यांना झारसुगुड्याच्या स्टेशनवर घेतलेला, पुरीच्या प्रसादात असतो तसला खाजा दिला आणि खरं काय ते सांगून टाकलं. काकू पाच मिनिटं फुगल्या. मग कुनीला बघून म्हणाल्या, "माझ्याशी खोटं बोललात याचा दंड म्हणून मी हिला रोज बघायला येणार." त्या रोज येतात.

आता हे असं सांगताना सगळं छान वाटतं. पण पहिले तीन आठवडे मी मनातून घाबरलेली होते. कुनी मेथी खायची, कारलंही खायची. खेळणं वापरून जागेवर ठेवायची. पाणी हवं असलं तरी मागायची नाही, आपण देईपर्यंत माठाजवळ उभी राहायची. लागलं तर एकटीच कोपऱ्यात जाऊन फुंकर घालायची. दुसऱ्याच्या घरी दोन दिवस राहायला गेलेली पोर अशी वागते. निलेश एकदा म्हणाला, "मंजू, तीन आठवड्यांत एकही डिफेक्ट नाही. असं कधी होत नाही गं." तो गमतीने म्हणाला, पण त्याचा चेहरा गमतीचा नव्हता.

मग आईंनी फर्मान काढलं की पोरीला वात्रटपणा शिकवायचा. घरात तीन मोठी माणसं बिघडली. आईंनी डब्यातला गूळ चोरून खाल्ला आणि तोंड पुसलं नाही. निलेशने आंघोळ करणार नाही म्हणून फरशीवर लोळण घेतली, पंच्याऐंशी किलोची. मी बैठकीच्या भिंतीवर खडूने हत्ती काढला. अण्णा कांदे लावून आले होते, त्यांनी ताटातली भाजी हळूच खाली सांडली आणि "नाय खायची!" म्हणून ओरडले. कुनीने सगळ्यांकडे शांतपणे बघितलं. मग ओलं फडकं आणून आधी भाजी पुसली, नंतर माझा हत्ती. त्या दिवशी मी स्वयंपाकघराचं दार लावून रडले.

माझी रजा संपली. शाळा दुपारची. पहिले चार दिवस मी निघताना ती दारात उभी राहून हात हलवायची, शहाण्यासारखी. मी जिन्याच्या वळणापर्यंत मागे बघायची आणि ती तोवर आत गेलेली असायची.

पाचव्या दिवशी मी पर्स उचलली आणि चप्पल बघते तर एकच. दुसरी कुनीच्या हातात. ती उंबऱ्यावर फतकल मारून बसली होती.

"दे गं, उशीर होतोय."

"नाय!"

घरातले सगळे जागच्या जागी थांबले. मी वाकून चप्पल घ्यायला गेले तर तिने ती खिडकीतून खाली फेकली. मग माझ्या पायाला मिठी मारली आणि असं भोकाड पसरलं की शेवाळे काकू दोन मजले वरून पळत आल्या. मी सोडवायला हात लावला तर चावली. नीट, दात उमटेपर्यंत. "नाय जायचं! नाय जायचं!" येवल्याच्या सुरात, नाकातून पाणी, माझ्या इस्त्रीच्या साडीला पुसत. आई देवापुढे साखर ठेवायला धावल्या. अण्णा मला म्हणत होते, "सूनबाई, हलू नको, हलू नको!"

आम्ही तिथेच उंबऱ्यावर बसून राहिलो, ती आणि मी, तिचे हुंदके थांबेपर्यंत. साडेबारा वाजून गेले. मुख्याध्यापिका बाईंचा फोन आला.

"मॅडम, कुठे आहात? सातवी ब वर्गात नुसता धिंगाणा आहे. काय झालं?"

आमच्या शिक्षकखोलीत रोज कोणी ना कोणी एक वाक्य वैतागून बोलतं. अकरा वर्षं मी ते ऐकत होते आणि वहीत डोकं घालून बसत होते. मी घसा साफ केला, कुनीला नीट मांडीवर घेतलं आणि आवाजात जमेल तेवढा वैताग आणून म्हणाले, "काय सांगू बाई, मुलगी सोडतच नाही हो मला."